तळहातातली खिरापत

मी संशयी आहे, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. भाजीवालीनं वांगं हातात दिलं की मी ते उलटंपालटं करून बघते, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की माझं लक्ष त्याच्या हातांकडं जातं. आमचे हे होते तोवर म्हणायचे, "वैजयंती, तुझी नेमणूक खरी पोलीस चौकीत होती, चुकून माझ्या घरी आलीस." हे गेले, आणि पुढं या स्वभावाचाच मला पगार मिळायला लागला.

मिरजेत 'मैत्र' फोनच्या मराठी दुकानाचं ऑफिस निघालं. दुकान म्हणजे फोनच्या आतलं, जिथून लोक अ‍ॅप आणि खेळ उतरवून घेतात. फोन नवा, त्यामुळं त्यावर काय वाट्टेल ते येत होतं. तंबोरा जुळवून देणारं अ‍ॅप आलं, म्हैस कधी विणार ते सांगणारं आलं, आणि एका पठ्ठ्यानं दहीहंडीचा असा खेळ केला होता की गोविंदा पडला की फोन हातात लटलट कापायचा. यातलं प्रत्येक लोकांपुढं जाण्याआधी आम्ही बायकांनी वापरून बघायचं आणि शेरा लिहायचा. माझ्या शेऱ्यांत 'शंका आहे' हे शब्द इतके यायचे की आमचा साहेब निनाद, वयानं माझ्या मुलीएवढा, मला म्हणायचा, "मगदूम मॅडम, एखादं तरी जाऊ द्या की सुखानं."

मैत्रची खरी करामत त्याच्या पाठीत होती. तिथं कातडीसारखा एक मऊ पापुद्रा होता. फोन हातात धरला की तो तळहाताची नाडी घ्यायचा, घामाचा ओलावा मोजायचा, बोटांची पकड किती घट्ट, किती सैल, तिच्यात कंप किती, हे सगळं क्षणाक्षणाला टिपायचा. मुळात हे केलं होतं पासवर्ड काढून टाकायला. दोन माणसांचे हात सारखे नसतात, म्हणून मालकाच्या हातात फोन आपोआप उघडायचा. विसराळू म्हाताऱ्यांना हे फारच आवडलं. मग कंपनीनं खेळ करणाऱ्यांनाही ती पाठ वापरायची मुभा दिली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

हादग्याच्या दिवसांत 'खिरापत ओळखा' नावाचा खेळ आमच्याकडं आला. हादगा खेळलेल्या बायकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. फेर धरून गाणी झाली की जिच्या घरी हादगा ती झाकलेलं पातेलं घेऊन येते, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड की तिखट? करंजी? वाटली डाळ? बरोबर नाव आलं की ती झाकण काढते आणि सगळ्या तुटून पडतात.

फोनमधला खेळ दिसायला असाच होता. एकीनं पदार्थ मनात धरायचा आणि फोन हातात घ्यायचा. फोन गोड आवाजात एकेक नाव घेणार, आणि तिनं प्रत्येक नावाला 'नाही' म्हणायचं. बरोबर नावालाही 'नाही'च. तरी फोन चोरी पकडणार आणि लाल होणार, एरवी हिरवा. शेवटी तिनं खरा पदार्थ सांगायचा आणि पुढचा डाव मांडायचा. सकाळी तो सारखा चुकत होता. दुपारच्या चहापर्यंत त्यानं आमच्यातल्या एकीलाही सोडलं नाही. बायका हसून हसून लोळत होत्या आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती.

मी शेरा लिहिला: 'आमच्या हादग्यात कुणी खोटं बोलत नाही. नाव बरोबर आलं की झाकण निघतं. इथं खोटं बोलायला लावतात, आणि त्यातलं खोटं कुठलं हेही आपल्याचकडून वदवून घेतात. हे कुणाला, कशाला हवं आहे?'

निनाद शेरा वाचून माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, सणाचा खेळ आहे. लोक खेळतील, हसतील, विसरतील."

"खोटं पकडायची यंत्रं पूर्वीपण होती. ती फसायची. का, माहितीये?"

"का?"

"त्यांना तुमचा हात माहीत नसायचा. कुणाला खोटं बोलताना घाम फुटतो, कुणाला खरं बोलतानाच फुटतो. एका माणसाचा हात कळायला त्याची शेकडो खोटी हवीत, आणि ती खोटी आहेत हे नक्की माहीत हवं. चौकीत बसवलेला माणूस इतकी कधी देईल का? इथं पोरीबाळी हसत हसत देतायत. आणि तोंडानं काय बोलता याच्याशी त्याला कर्तव्यच नाही. जे लपवलंय त्याचंच नाव कानावर आलं की पकड जराशी आवळते, आपल्याला कळायच्या आत. तो ते धरतो."

"धरू दे की. करंजी की चकली, एवढंच कळणार ना त्याला?"

"करंजीच्या जागी दुसरा शब्द घाला, निनाद सर."

तो टेबलापासून मागं सरकला. मग म्हणाला, "तुम्ही ना, फार खोलात जाता." आणि खेळ पास झाला.

दसऱ्यापर्यंत तो सांगली-मिरजेत घराघरात गेला. खेळ करणाऱ्या कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ते कुणाला खटकलंही नाही. पुढच्या आवृत्तीत पदार्थांच्या जागी आपले शब्द घालायची सोय आली. खेळ एकदा शिकलेला हात आता कुठल्याही फोनवर ओळखू लागला. दुकानदार कामावरच्या पोरांना खिरापत खेळायला बसवू लागले. मुलगी बघायला आलेली मंडळी कांदेपोह्यांनंतर फोन पुढं करू लागली. मी ऑफिसात पुन्हा पुन्हा शेरे लिहिले. उत्तर एकच यायचं, की वापर चुकीचा आहे, खेळ नाही.

माझी एकुलती एक मुलगी केतकी इचलकरंजीला दिली होती. सासरी यंत्रमागांचा मोठा कारखाना, जावई राजवर्धन बोलायला इतका गोड की मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. पण मला कोण आवडतं, म्हणून सगळ्यांनी मला गप्प बसवलं. केतकी फिजिओथेरपिस्ट होती, तिकडंच एका दवाखान्यात काम करायची. दिवाळीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, फोन दोघींचे पलीकडच्या खोलीत ठेवू या का?"

मला तेवढ्यानंच कळलं.

"रोज जेवण झालं की हे खिरापत खेळायला बसवतात," ती म्हणाली. "आधी गंमत वाटायची. आता त्यात माणसांची नावं असतात. दवाखान्यातले पेशंट, डॉक्टर. परवा आपल्या अभिजितदादाचं नाव घातलं होतं."

"सख्ख्या आतेभावाचं?"

"हो. आणि लाल आलं. आई, आता मी ज्या नावाला घाबरते त्या नावाला लाल येतं. नाव ऐकायच्या आधीच वाटतं, याला आलं तर काय, आणि येतंच."

"लाल आलं की काय करतात?"

"खोलीचं दार बाहेरनं लावतात. सासूबाई म्हणतात, यंत्र काय तुझं वैरी आहे का."

माझ्या अंगाची आग आग झाली. त्या क्षणी राजवर्धन समोर असता तर मी काय केलं असतं, देव जाणे. केतकी मात्र शांत होती. तिनं वकील गाठला होता, कागद तयार होते. कोर्टात तारीख पडून संरक्षणाचा हुकूम हाती येईपर्यंत ती सापडायला नको होती. सापडली तर उचलून घरी नेतील, मग दवाखाना नाही, माहेर नाही, काही नाही. राजवर्धनच्या काकांचं वजन असं की पोलीस त्यांच्याच गाडीतून फिरायचे. तिनं परगावी नोकरीही बघून ठेवली होती.

"कुठं?" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तो मी गिळला.

"मला सांगू नकोस," मी म्हटलं. "तू गेलीस की ते आधी माझ्या हातात फोन देणार. माझा हात त्या खेळाला पाठ आहे, ऑफिसात मी रोज खेळलेय. गावांची नावं एकेक करून घेतील, आणि मी तोंड शिवून बसले तरी हात सांगून मोकळा होईल. मला माहीतच नसलं तर हात काय सांगेल?"

"तुला राहवेल?"

"राहवेल."

"तू शोधशील."

"नाही शोधणार. तुझी शपथ."

केतकी माझ्याकडं बघत राहिली, आणि किती दिवसांनी हसली. भाऊबीजेनंतर ती गेली. कुठल्या गाडीनं, कुठल्या दिशेनं, ते कळू नये म्हणून मी देवघरात पाठ करून बसले होते. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

आणि मग तिची खोली आवरायला घेतली. शोधायचं म्हणून नव्हे हो, आवरायची म्हणून. टेबलावर तिचा जुना टॅब होता, तो पुसताना उजळला. कन्नड शिकवणारं अ‍ॅप उघडं होतं, आणि त्याच्या मागं धारवाडमधल्या भाड्याच्या खोल्या.

मी तो पालथा ठेवला. पण बघितलं ते बघितलं. धारवाड म्हणजे आमच्यापासून काही तासांचा रस्ता. पोरगी धारवाडला आहे, हे आता माझ्या हाडात जाऊन बसलं होतं, आणि मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेवटी त्याही संपल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी माझ्याच फोनवर गावांची नावं घातली. पुणे हिरवं, नाशिक हिरवं, हुबळी हिरवं, धारवाड लाल. मी खोल श्वास घेतला, रामरक्षा म्हटली, पुन्हा खेळले. लाल. मग मला वाटलं, हाताला सवय झाली की तो बधिर होईल. दिवसभर मी ते एक नाव ऐकत बसले. संध्याकाळी निनाद मागं उभा राहिला होता, ते मला कळलंच नाही.

"मॅडम, तुम्ही जितकं खेळाल तितका तो तुमचा हात शिकणार," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच मला सांगितलं होतंत."

खरंच होतं. मी दिवसभर राबून माझ्याच मुलीच्या मागावर एक शिकारी कुत्रा तयार केला होता. निनादनं काही विचारलं नाही, फक्त फोन माझ्या हातातून काढून घेऊन टेबलावर ठेवला.

राजवर्धन आणि विहीणबाई रविवारी आले. मी चहा टाकला, कारण हात कशात तरी गुंतलेले बरे. राजवर्धननं कप बाजूला सारला.

"आई, केतकी कुठं आहे?"

"मला माहीत नाही."

"मग एकदा हातात घ्या." त्यानं फोन पुढं केला. "तुमच्या मनात काही नसेल तर घाबरायचं काय?"

"आणि नाही घेतला तर?"

"तर समजू आम्ही काय समजायचं ते," विहीणबाई म्हणाल्या. "मग तुमच्या दाराशी माणसं बसतील, विहीणबाई. तुमच्याकडं कोण येतं, कोण जातं, कुणाचा फोन येतो, सगळं बघतील. आम्हाला घाई नाही."

केतकीला मला कधी ना कधी फोन करावासा वाटणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी फोन घेतला. मनात म्हटलं, वैजयंती, तू काही बघितलेलं नाहीस, तो टॅब बंद होता, ती खोली रिकामी होती. फोन त्या गोड आवाजात बोलायला लागला. पुणे. नाही. सातारा. नाही. सोलापूर, नाही. बेळगाव, नाही. मला माझ्या बोटांची इतकी भीती वाटत होती की ती माझी आहेत असंही वाटेना.

"धारवाड."

"नाही," मी म्हटलं.

भिंतीवर, कपांवर, राजवर्धनच्या चष्म्यावर, सगळीकडं लाल उजेड पडला.

"बघितलंस?" विहीणबाई मुलाला म्हणाल्या. दोघं उठले. मी राजवर्धनची बाही धरली. जावयाच्या पाया पडायची वेळ आली असती तर पडलेही असते. "तिला काही करू नका," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर कळलं की उरलासुरला संशयही मीच फेडून टाकला. त्यानं बाही सोडवली, चपला घातल्या, आणि गाडी धारवाडच्या दिशेनं गेली.

तिला कळवायचं तर कुठं कळवणार? तिचा नंबर माझ्याकडं नव्हता. मीच नको म्हटलं होतं. वकिलाचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. मी घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिले. अन्न गोड लागेना, डोळा लागेना. लेकीला मीच धरून दिलं, दुसऱ्या कुणी नाही, ज्या स्वभावाचं मी आयुष्यभर कौतुक करून घेतलं त्या माझ्या मेल्या स्वभावानं. दार वाजलं की वाटायचं, आता तिला घेऊन आले.

ते आले तेव्हा दोघंच आले, केतकीशिवाय. राजवर्धनची दाढी वाढली होती.

"धारवाडमधला एकेक दवाखाना पालथा घातला," तो म्हणाला. "काकांनी तिथल्या ओळखी लावल्या. त्या नावाची, त्या चेहऱ्याची बाई त्या गावात आलेलीच नाही."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आलेलीच नाही? मग टॅबवर काय होतं? मी तिथंच बसले आणि रडायलाच लागले.

"परत धरा," तो म्हणाला.

मी धरला. त्यानं आणखी गावं घातली होती, पार इंदूर, हैदराबादपर्यंत. फोन नावं घेत गेला, मी नाही म्हणत गेले. हिरवं. हिरवं. धारवाडही हिरवं. माझ्या मनात आता एकही गाव नव्हतं. राजवर्धननं फोन हिसकावून घेतला, झटकला, पुन्हा माझ्या हातात कोंबला.

"केतकी कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

हिरवं. त्यानं त्या हिरव्याकडं असं बघितलं, जसं काही फोननंच त्याच्या तोंडात मारली. इतके दिवस ज्याच्या जिवावर बायकोला कोंडलं, त्याच्यावर आता अविश्वास दाखवायचा तरी कसा? विहीणबाई पदर सावरत उठल्या.

"सख्ख्या आईलाही सांगितलं नाही पोरीनं," त्या म्हणाल्या. "एवढाच विश्वास तुमच्यावर."

ते मला लागलं. त्या गेल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत बसले. दाराशी माणसं मात्र बसली नाहीत. ज्या बाईला काही माहीतच नाही, तिच्यावर पाळत ठेवून काय मिळणार?

काही दिवसांनी शेजारच्या दीक्षितकाकूंनी भिंतीवर थापटून मला हाक मारली. त्यांच्याकडं जुना बटणांचा फोन आहे, हात ओळखत नाही की नाडी घेत नाही. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि डाळ निवडायला बाहेरच्या खोलीत गेल्या. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते.

"आई."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"आई, ते धारवाडला जाऊन आले ना?"

"तुला कसं कळलं?"

"टॅब मीच ठेवला होता टेबलावर. तू खोली आवरणार, आणि आवरताना बघणार. शपथ घेतलीस तेव्हाच मी ठरवलं."

पोटच्या पोरीनं मला फसवलं होतं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला आजवर कुणाला जमलं नव्हतं, आणि हिनं एका टॅबवर ते केलं होतं.

"म्हणजे तुझा विश्वासच नव्हता माझ्यावर," मी म्हटलं.

"होता की. तू बघणारच, यावर होता." ती हळूच म्हणाली, "चिडलीस?"

"चिडले. हजारदा चिडले. नीट आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. आई, तारीख पुढं गेलीय. अजून काही महिने लागतील. ते परत येतील तुझ्याकडं."

"येऊ देत."

आणि तेवढ्यात तिच्या मागं कुणीतरी ओरडलं. रस्त्यावरचा विक्रेता असावा, काहीतरी विकत होता. माझे कान आपोआप तिकडं वळले. मराठी नव्हतं. कन्नडही नव्हतं. शब्दाच्या शेवटी एक हेल होता, तो मी कुठं ऐकलाय ते मला अगदी आठवत आलं होतं. अजून एक आरोळी आली असती तर मला तो मुलूख कळला असता, तिच्या खोलीखालचा रस्ता कळला असता, माझी लेक कुठल्या आकाशाखाली उभी आहे ते कळलं असतं. जीव नुसता तडफडला.

मी ओट्यावरच्या मिक्सरचं बटण फिरवलं.

"आई? कसला आवाज?"

"काकूंची चटणी वाटतेय."

"मला काही ऐकू येत नाहीये."

"मलाही नाही. तू बोल, बोलत राहा."

ती बोलत राहिली. काय बोलली ते मला माहीत नाही. मधूनच तिच्या हसण्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, आणि मी 'हं, हं' म्हणत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी मिक्सरच्या रिकाम्या भांड्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मिक्सरमधून जळका वास यायला लागला होता, तरी मी बटणावरचा हात काढला नाही.